रिपोर्टिंगच्या टेबलाची कुळकथा

रेडिओलॉजिस्टला हक्काचं टेबल फार उशिरा मिळालं. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि पुढची कित्येक वर्षं डॉक्टर चकाकणाऱ्या पडद्यासमोर उभे राहूनच रुग्णाची छाती नि पोट पाहत होते. पडद्यावरचा उजेड इतका मंद, की डोळे सरावण्यासाठी आधी वीस-तीस मिनिटं काळोखात बसावं लागे. १९१६ मध्ये विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्यावर तांबड्या काचांचा चष्मा सुचवला. अंधारात पाहणाऱ्या दृष्टिपेशींवर तांबड्या प्रकाशाचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे हा चष्मा लावून डॉक्टर उजेडात वावरत आणि तपासणीच्या खोलीत शिरताच कामाला लागत. १९४८ मध्ये वेस्टिंगहाऊसच्या जॉन कोल्टमन यांनी प्रतिमा उजळवणारी नळी जाहीर केली, तेव्हापासून हळूहळू तो चष्मा मागे पडला.

खोली मात्र अंधारीच राहिली.

फिल्म वाचायची ती मागून उजेड देणाऱ्या व्ह्यू बॉक्सवर. उठायचं, पाकिटातून फिल्म काढायची, क्लिपेत अडकवायची, मागे सरकून पाहायची, पुन्हा जवळ जायचं. शरीराची ही हालचाल आपोआप होत होती आणि तिचं मोल कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण तपासला गेला. १९९३ मध्ये ‘डायकॉम’ हे नाव घेऊन आलेल्या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांतल्या प्रतिमा एकाच संगणकावर पाहणं सोपं झालं. नव्वदीच्या अखेरीस सीटीची मल्टिस्लाइस यंत्रं आली आणि एका तपासणीत शेकडो काप मिळू लागले. फिल्म गेली, तिच्याबरोबर उठणंबसणंही गेलं. उरला तो माउसच्या चाकावर तासन्‌तास फिरणारा हात. मनगट, कोपर आणि मानेची दुखणी या धंद्यात तिथून वाढली.

आज पूर्ण काळोखाची गरज नाही. उजळ मॉनिटर आणि काळीठिक्कर भिंत यांच्यामध्ये डोळ्यांना सारखं जुळवून घ्यावं लागतं. म्हणून २० ते ४० लक्स इतका मंद उजेड, तोही मॉनिटरच्या मागून, सुचवला जातो. मॉनिटरची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी डॉक्टर दिवसभर हनुवटी वर उचलून बसतो.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. अमेरिकेत सोनोग्राफी बहुतेक वेळा तंत्रज्ञ करतो आणि डॉक्टर नंतर प्रतिमा वाचतो. भारतात प्रोब डॉक्टरच्याच हातात असतो. यामागे कायदाही आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यात तपासणी कोणी करायची, नोंद कशी ठेवायची हे बारकाईने सांगितलं आहे. खांद्याबद्दल त्यात काही असण्याचं कारण नव्हतं. पण दिवसभर उजवा हात लांबवून, मान वळवून काम करणारा तोच डॉक्टर पुढे सीटीचे काप वाचायला बसतो. रुग्णाला पलंगाच्या कडेशी सरकायला सांगितलं आणि दंड शरीरापासून ३० अंशांहून जास्त उचलला नाही, तर खांदा बराच वाचतो. त्याला पैसे लागत नाहीत.

औरंगपुऱ्यासारख्या गजबजलेल्या पेठेत केंद्र थाटायचं तर जागा गाळ्याएवढी. यंत्राची किंमत लाखांत किंवा कोटींत, आणि रिपोर्टिंगचं टेबल मात्र सुताराच्या नेहमीच्या मापाचं, अडीच फुटी. पाच फूट दोन इंच उंचीच्या डॉक्टरबाईंचं कोपर खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून दोन फुटांच्या जरासं वर येतं. म्हणजे हात टेबलावर ठेवताच खांदे वर चढतात. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात. उपाय साधा आहे: कीबोर्ड-माउससाठी खाली सरकतं फळकूट, नाहीतर उंच खुर्चीबरोबर पायाखाली पाट. जिथे दोन डॉक्टर पाळीने बसतात तिथे उंची बदलणारं टेबलच घ्यावं. यंत्राची ऑर्डर देणाऱ्यांनी सुताराला बोलावण्याआधी त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या कोपराचं माप घ्यावं.