कालमुद्रा (संगणकशास्त्र)

कालमुद्रा अथवा टाइमस्टॅम्प म्हणजे एखादी घटना केव्हा घडली हे दर्शविणारी संगणकीय नोंद होय. बँक व्यवहार, रेल्वे आरक्षण, मालाची आवक-जावक, न्यायालयीन पुरावे इत्यादींमध्ये घटनांचा क्रम आणि दिनांक या नोंदीवरून ठरतो. त्यामुळे संगणकप्रणाली तयार करताना वेळ कोणत्या स्वरूपात साठवावी, हा महत्त्वाचा निर्णय ठरतो.

साठवणीच्या पद्धती

घडून गेलेल्या घटनेची वेळ सहसा समन्वित वैश्विक वेळेत (यूटीसी) साठवतात आणि वापरकर्त्याला दाखविताना ती स्थानिक वेळेत रूपांतरित करतात. युनिक्स वेळ या पद्धतीत १ जानेवारी १९७० रोजी यूटीसी मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद मोजले जातात. भारतात तो क्षण सकाळी ५:३० चा होता. म्हणूनच रिकाम्या नोंदीच्या जागी भारतीय संगणकावर कधीकधी ‘१ जानेवारी १९७०, ५:३०’ अशी वेळ दिसते. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ वाजता संपते.

दिनांक बदलण्याचा दोष

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. समजा, नागपूरजवळील वाडी येथील गोदामातून एक ट्रक १ एप्रिल रोजी रात्री १२:४५ वाजता निघाला. यूटीसीनुसार तेव्हा ३१ मार्चचे १९:१५ वाजलेले असतात. नोंदीचा दिनांक थेट यूटीसीवरून घेतल्यास हा व्यवहार मागील आर्थिक वर्षात जमा होतो. नोंद बरोबर असूनही हिशेब चुकतो, कारण रूपांतराची पायरी गाळलेली असते. जन्मदिनांकाबाबत दोष याच्या उलट आहे. जन्मदिनांक हा क्षण नसून केवळ दिनांक असतो. तो भारतीय मध्यरात्र मानून यूटीसीत साठवल्यास आदल्या दिवसाचे १८:३० होतात आणि कागदोपत्री जन्म एक दिवस आधीचा ठरतो. म्हणून असे दिनांक वेळेविना साठवणे योग्य असते.

भविष्यातील वेळा

पुढील भेटीसाठी स्थानिक वेळ आणि कालक्षेत्राचे नाव दोन्ही जतन करतात, कारण मधल्या काळात सरकार नियम बदलू शकते. न्यूयॉर्क आणि महाराष्ट्र यांच्यातील अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळी वेळ लागू असताना साडेनऊ तास असते. केवळ अंतर साठवलेली दर आठवड्याची बैठक त्यामुळे वर्षातून दोनदा एका तासाने सरकते.

कालक्षेत्र कोश आणि मुंबई वेळ

कालक्षेत्रांचे नियम टीझेड डेटाबेस या मुक्त कोशात नोंदलेले असतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला हा कोश २०११ पासून आयाना या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतो. त्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हे एकच क्षेत्र आहे. वाडी किंवा पुण्यातील संगणकही तेच वापरतो. ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव पर्याय म्हणून चालते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केली होती, हेही त्यात नोंदलेले आहे.

मात्र मुंबईचा इतिहास या एका क्षेत्रात मावत नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबई शहरात यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात राहिली. १९३० सालच्या मुंबईतील एखाद्या दस्तऐवजावर दहाची वेळ असल्यास ती कोणत्या घड्याळाची, हे मूळ संदर्भावरूनच ठरवावे लागते. संगणकाने ती प्रमाणवेळ मानल्यास ३९ मिनिटांची चूक संभवते. अशा नोंदींमध्ये रूपांतरित वेळेसोबत मूळ मजकूरही जपणे आवश्यक असते.

घड्याळांचा मेळ

साठवण निर्दोष असली तरी संगणकाचे घड्याळच चुकल्यास नोंद निरुपयोगी ठरते. भारतात प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत ही प्रयोगशाळा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवून ठेवण्यास सांगितले आहे.