गोठा आणि शेडच्या कामासाठी लेझर लेव्हल कशी निवडावी?

गोठा, कांदाचाळ, पॅकिंग शेड किंवा घराची दुरुस्ती काढली की हल्ली शेतकरी विचारतात, "ऑनलाइन काही हजारांत लेझर लेव्हल मिळते, घेऊ का?" बऱ्याचदा पुढचा प्रश्न असतो, "तिनेच शेतही लेव्हल करता येईल ना?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर कामावर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे. त्याचे कारण शेवटी दिले आहे.

गोठ्यात लेव्हल चुकली तर त्रास जनावराला होतो. उभे राहण्याच्या जागेत पाणी आणि मूत्र साचले की खुरे सतत ओली राहतात, कास घाणीत टेकते आणि कासदाहाचा धोका वाढतो. कोबा एकदा घट्ट झाला की तो फोडण्याशिवाय इलाज नसतो. त्यामुळे यंत्र कोणत्या कंपनीचे यापेक्षा ते आपल्या कामाच्या अंतरावर आणि उजेडात चालते का, हे आधी पाहावे.

उन्हात रेघ दिसत नाही

बाजारात स्वस्तात मिळणारी यंत्रे बहुतेक क्रॉस लाइन प्रकारची असतात. ती भिंतीवर एक आडवी व एक उभी रेघ टाकतात. बंद खोलीत फरशी, टाइल्स, खिडक्यांची चौकट, विजेचे बोर्ड, स्वयंपाकाचा ओटा या कामांना ती उत्तम. पण आपले गोठे आणि शेड बहुतेक तीन बाजूंनी उघडे असतात. दुपारच्या उन्हात ही रेघ चार-पाच मीटरवरही शोधावी लागते.

हिरवी रेघ लाल रेघेपेक्षा डोळ्यांना बरीच ठळक दिसते, कारण आपला डोळा हिरव्या रंगाला अधिक संवेदनशील असतो. म्हणून पत्रा टाकलेल्या, सावलीच्या शेडसाठी हिरवीच घ्यावी. मात्र ती बॅटरी जास्त खाते आणि भर उन्हात तीही दिसत नाही. सोबत मिळणाऱ्या रंगीत चष्म्याने रेघ थोडी उठून दिसते, पण तो डोळ्यांच्या संरक्षणासाठी नाही, हे लक्षात ठेवावे.

उघड्यावर काम करायचे असेल तर रिसीव्हर लागतो. तो पट्टीला अडकवून वर-खाली सरकवला की रेघेच्या पातळीवर आवाज देतो. रिसीव्हर चालण्यासाठी यंत्रात 'पल्स मोड' असावा लागतो आणि स्वस्त यंत्रांत तो पुष्कळदा नसतो. खरेदीपूर्वी हे विचारलेच पाहिजे. माझ्या मते शेतकऱ्याने एकच सुविधा जास्त पैसे देऊन घ्यायची असेल तर ही घ्यावी. एरवी पायाखोदाईच्या वेळी काम पहाटे किंवा दिवेलागणीला करावे लागते.

अचूकता किती हवी?

क्रॉस लाइन यंत्रावर साधारणपणे 10 मीटरला ±3 मिमी अशी अचूकता लिहिलेली असते. गोठ्याच्या जमिनीला 1:40 ते 1:60 उतार देतात. म्हणजे जनावर उभे राहण्याच्या 1.6 मीटर जागेत गव्हाणीकडून नालीकडे सुमारे 2.7 ते 4 सेंमी उतार येतो. या हिशेबात 3 मिमीची चूक क्षुल्लक आहे. गोठ्यासाठी फार महागड्या, अतिअचूक यंत्राची गरज नाही.

खरा धोका यंत्र बिघडल्याचे कळत नाही, हा आहे. आमच्या भागातील एका गोठ्यात 50 फूट, म्हणजे 15 मीटर लांबीच्या नालीला जेमतेम 3 इंच उतार धरला होता. हा उतार मुळातच कमी होता. त्यात यंत्र आधी मोटारसायकलवरून पडलेले होते, ते कोणी सांगितले नाही. यंत्र नालीच्या एका टोकाला ठेवून खुणा केल्या. नंतर तपासले तेव्हा 10 मीटरला 25 मिमी फरक निघाला. 15 मीटरला तो पावणेचार सेंमी होतो, म्हणजे अर्धा उतार चुकीतच गेला. उरलेला कोब्याच्या खाचखळग्यांनी खाल्ला आणि मूत्र साचू लागले. शेवटी नाली फोडून पुन्हा करावी लागली.

यंत्र घेताना आणि काम सुरू करताना तपासणी

समोरासमोर, साधारण 5 मीटर अंतरावर दोन भिंती असलेली खोली निवडावी. यंत्र पहिल्या भिंतीजवळ ट्रायपॉडवर ठेवून, त्याचे तोंड फिरवून, दोन्ही भिंतींवर आडव्या रेघेची खूण करावी. मग यंत्र दुसऱ्या भिंतीजवळ नेऊन पुन्हा दोन्ही भिंतींवर खुणा कराव्यात. उंची पहिल्यापेक्षा वेगळी आली तरी चालेल. आता प्रत्येक भिंतीवर दोन खुणा झाल्या. दोन्ही भिंतींवरील खुणांमधले अंतर सारखे असेल तर यंत्र बरोबर आहे. 5 मीटरच्या खोलीत या दोन अंतरांत 3 मिमीपर्यंत फरक चालतो, कारण या पद्धतीत चूक दुप्पट होऊन दिसते. त्याहून जास्त असेल तर यंत्र परत करावे. दुकानदार तपासू देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

काम करताना यंत्र शक्यतो मोजायच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर ठेवावे आणि तोंड प्रत्येक टोकाकडे फिरवून खूण करावी. मग यंत्रात चूक असली तरी ती दोन्हीकडे सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. वरच्या गोठ्यात एवढेच केले असते तरी नाली वाचली असती. रेघेपासून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजावे. माप जास्त, तितकी जमीन खोल. इथे गडबडून उलटा उतार दिलेली उदाहरणेही पाहिली आहेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. यंत्र आपोआप लेव्हल होणारे असावे. ते फार तिरके ठेवले गेल्यास रेघ लुकलुकते किंवा आवाज येतो. आतील लोलकाला लॉक हवा आणि वाहतुकीत तो लावलेलाच असावा. धूळ व पाण्याच्या शिंतोड्यांसाठी आयपी 54 दर्जा पुरेसा. साध्या पेन्सिल सेलवरही चालणारे यंत्र गावात सोयीचे. 'क्लास 2' लेझर घ्यावा, त्यात थेट पाहू नये. जनावरे बांधलेली असतील तर रेघ त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये. बारा किंवा सोळा रेघांच्या जाहिरातींना भुलू नये. गोठ्याला एक आडवी आणि एक उभी रेघ पुरते.

कधी विकत घेऊ नये?

एकच गोठा बांधायचा असेल तर गवंड्याकडील पारदर्शक लेव्हल नळी, पाणसळ आणि ओळंबा पुरेसे आहेत. नळीत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही तर तिची लेव्हल चुकत नाही आणि ऊन असो वा पाऊस, ती चालते. यंत्राचा फायदा वेळेचा आहे. एकटा माणूस काम करू शकतो. शेततळ्याचा बांध किंवा मोठ्या शेडचा पाया यांसाठी डम्पी लेव्हल किंवा फिरता लेझर रिसीव्हरसह भाड्याने घ्यावा.

शेत सपाटीकरणाचा लेझर लँड लेव्हलर हे वेगळेच यंत्र आहे. त्यात शेताकडेला फिरता लेझर, बकेटवरील खांबावर रिसीव्हर आणि बकेट आपोआप वर-खाली करणारा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह असतो. त्याला साधारण 50 एचपी किंवा त्याहून मोठा ट्रॅक्टर लागतो. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात हे यंत्र समाविष्ट आहे. लहान शेतकऱ्याने ते भाड्याने बोलवावे. तासावर दर ठरवण्यापूर्वी शेताची उंच-सखल मोजणी करून घ्यावी, कारण तास किती लागतील हे माती किती हलवायची यावर ठरते. हलक्या, उथळ जमिनीत वरचा सुपीक थर निघून खालचा मुरूम उघडा पडणार असेल, तर तिथे खोल कापणी करू नये.