मोहोळ उठलं, फौज पळाली: टांगाच्या लढाईची अर्धी गोष्ट

पहिल्या महायुद्धातल्या 'अजब पण खऱ्या' गोष्टींच्या कुठल्याही यादीत टांगाच्या लढाईचा नंबर लागतोच. नोव्हेंबर १९१४. पूर्व आफ्रिकेचा किनारा. समुद्रातून आलेली सुमारे आठ हजारांची इंग्रज फौज, समोर जेमतेम हजारभर जर्मन फौज आणि ऐन लढाईत चवताळून उठलेल्या मधमाश्या. इंग्रज पळाले, जर्मन जिंकले. तीस सेकंदांच्या रीलमध्ये बसेल अशी सुटसुटीत गोष्ट. या लढाईला इंग्रजीत आजही 'मधमाश्यांची लढाई' म्हणतात.

या गोष्टीत एक तपशील सहज निसटतो. 'इंग्रज' म्हणून जी फौज पळाली, तिच्यात गोऱ्या सैनिकांची पलटण एकच होती, लॉयल नॉर्थ लँकशायर. बाकी जवळजवळ सगळे शिपाई हिंदुस्थानी होते आणि त्यांची जहाजं सुटली होती आपल्या मुंबई बंदरातून. म्हणजे माश्या चावल्या त्या मुख्यतः आपल्या माणसांना, आणि नंतर हसलं गेलं तेही त्यांनाच.

टांगा (आपल्या घोड्याच्या टांग्याशी याचा संबंध नाही) हे आजच्या टांझानियातलं बंदर. तेव्हा ते जर्मन पूर्व आफ्रिकेत होतं. तिथून किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावापर्यंत रेल्वे जायची. बंदर घेतलं की रेल्वे हातात येते आणि रेल्वे आली की उत्तरेकडचा सगळा प्रदेश, असा इंग्रजांचा हिशेब. कागदावर चोख.

या कामासाठी मेजर जनरल आर्थर एटकन यांच्या हाताखाली एक फौज जुळवली गेली. १६ ऑक्टोबर १९१४ ला तिची जहाजं मुंबईहून निघाली. काही पलटणी त्याआधी कित्येक दिवस जहाजांवर चढून बसल्या होत्या. आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत त्यांना समुद्रावर महिना होत आला होता. या पलटणींनी एकत्र कधी काम केलेलं नव्हतं. काहींच्या हातात नव्या बनावटीच्या रायफली निघण्याच्या सुमारासच पडल्या होत्या. मोंबासात पोचल्यावर तिथली, त्या रानात मुरलेली किंग्ज आफ्रिकन रायफल्सची पलटण सोबत न्या, असं सुचवलं गेलं. एटकननी ती नेली नाही. जर्मनांच्या आफ्रिकी शिपायांना, म्हणजे अस्कारींना, कमी लेखू नका हा इशाराही त्यांनी मनावर घेतला नाही.

पुढचा प्रकार तर विनोदी वाटेल, त्यात माणसं मेली नसती तर. टांगाशी इंग्रज आरमाराचा आधी एक तहनामा झाला होता. तो आता संपला हे कळवल्याशिवाय हल्ला करणं बरं दिसणार नाही, म्हणून २ नोव्हेंबरच्या सकाळी 'फॉक्स' ही युद्धनौका एकटीच पुढे गेली. तिच्या कप्तानाने जर्मन अधिकाऱ्याला बोलावून शरण या म्हणून सांगितलं. तो अधिकारी 'विचारून सांगतो' म्हणून जो गेला तो परत आलाच नाही. त्याने तारा केल्या आणि जर्मन सेनापती पाउल फॉन लेटो-फोरबेक यांनी मोशीकडच्या फौजा आगगाडीत भरायला सुरुवात केली. इंग्रज मात्र बंदरात सुरुंग असतील म्हणून पाणी चाळत बसले. सुरुंग नव्हतेच.

फौज शहराच्या बाजूच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या चिखलातून उतरली. ३ तारखेला पहाटे १३वी राजपूत आणि ६१वी पायोनियर्स या दोनच पलटणींना पुढे ढकललं गेलं. त्या मार खाऊन मागे आल्या. त्याच रात्री लेटो-फोरबेक टांगात पोचले आणि सायकलवर बसून स्वतः गावातून फिरून आले. उद्या लढाई कुठे होणार, ती जागा त्यांनी डोळ्यांनी पाहून घेतली. एटकननी नीट टेहळणीही करवून घेतली नव्हती.

४ नोव्हेंबर. भर दुपारच्या उन्हात इंग्रज फौज निघाली. समोर मळे आणि दाट झुडपं, शेजारची तुकडी दिसायची मारामार. डोंगरी तोफा किनाऱ्यावर न उतरवता जहाजाच्या डेकवरूनच डागायच्या ठरल्या. पाणी कमी, पायाखालची जमीन अनोळखी. तरीही उजव्या बाजूने नॉर्थ लँकशायर, काश्मीर रायफल्स आणि गुरखे थेट गावात घुसले. डाव्या टोकाला १०१वी ग्रेनेडियर्स, मुंबईच्या जुन्या फौजेतली पलटण, मशीनगनच्या माऱ्यात सापडून चिरडली गेली. मागे राखीव होती ९८वी इन्फंट्री. ती पुढे सरकत असताना मोहोळ उठलं.

पूर्व आफ्रिकेत मध काढण्याची जुनी पद्धत आहे. झाडाचा ओंडका पोखरून तो दुसऱ्या झाडाच्या फांदीला टांगायचा, माश्या आपोआप येऊन त्यात पोळं करतात. अशा ओंडक्यांतून आणि झाडांतून गोळ्या जायला लागल्यावर माश्यांनी केलं ते त्या नेहमीच करतात. तिथली मधमाशी दिसायला साधीच, पण पोळं राखण्याच्या बाबतीत फार तापट. पुढे १९५६ मध्ये ब्राझीलमध्ये नेलेल्या आफ्रिकी माश्यांच्या राण्या १९५७ मध्ये निसटल्या आणि त्यांची संकरित प्रजा दोन्ही अमेरिका खंडांत पसरली, ती याच स्वभावासकट.

मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. ती कातडीत रुतते आणि माशी उडते तेव्हा नांगी विषाच्या पिशवीसकट मागेच राहते. माशी मरते, पण पिशवी आकसत राहते आणि विष आत ढकलत राहते. शिवाय तिथून एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. बाकीच्या माश्यांसाठी तो हुकूम असतो: इथेच मारा. म्हणून मोहोळातली पहिली माशी चावली की पुढच्या पन्नास त्याच माणसाकडे येतात. हात झटकले, धावाधाव केली की आणखी. यावर उपाय एकच, सरळ पळायचं आणि बंद जागा गाठायची.

आता त्या शिपायाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गोळ्या चालू असताना लपायचं असेल तर जमिनीला चिकटून, न हलता पडून राहायचं. माश्यांपासून वाचायचं असेल तर उठून पळायचं. उठला तर गोळी, पडून राहिला तर डंख. डोळे सुजून बंद व्हायला लागलेले, आणि आपला अधिकारी कुठे आहे हेही झाडीत दिसत नाही. ९८वी विस्कटली ती या अवस्थेत. तिला भेकड म्हणणाऱ्याने एकदा तरी आग्यामोहोळाखाली उभं राहून दाखवावं.

माश्यांनी पक्ष मात्र पाहिला नाही. ऐन मोक्याच्या क्षणी आपल्याही काही मशीनगन याच माश्यांमुळे बंद पडल्या, असं लेटो-फोरबेक यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. रीलमध्ये हे वाक्य कधी येत नाही. माश्या दोघांनाही चावल्या आणि एकच बाजू हरली. मग हरण्याचं कारण माश्या कशा?

संध्याकाळी लेटो-फोरबेक यांनी इंग्रजांच्या उघड्या डाव्या बगलेवर प्रतिहल्ला चढवला आणि फौज किनाऱ्याकडे मागे लोटली गेली. ५ तारखेला सगळे पुन्हा जहाजांवर चढले. इंग्रजांकडचे साधारण ३६० मेले, मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आठशेवर माणसं गेली. जर्मनांकडचे मृत सत्तरेक. किनाऱ्यावर रायफली, सोळा मशीनगन आणि सहा लाख काडतुसं टाकून दिलेली लेटो-फोरबेकना मिळाली. त्या सामानावर उभारी धरलेली त्यांची फौज थेट २५ नोव्हेंबर १९१८ ला, युरोपातलं युद्ध थांबून दोन आठवडे झाल्यावर शरण आली.

लंडनने पराभवाची बातमी काही महिने दाबून ठेवली. पुढे जी गोष्ट पसरली तिच्यात जर्मनांनी माश्या 'शिकवून' ठेवल्या होत्या, रानात तारा ताणून पोळ्यांना बांधल्या होत्या, शिपायाचा पाय अडकला की पोळं उघडायचं, वगैरे. आपण हरलो हे सांगण्यापेक्षा शत्रूने कीटक वापरले हे सांगणं सोपं. त्याच्या जोडीला दुसरं स्पष्टीकरण होतंच: हिंदुस्थानी पलटणी कुचकामी निघाल्या.

या दुसऱ्या स्पष्टीकरणाला रंग भरणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं आहे. कॅप्टन रिचर्ड माइनर्ट्झहागन, याच फौजेचा हेरखात्याचा अधिकारी. टांगाबद्दलची त्याची डायरी चटकदार आहे, हिंदी शिपायांबद्दल तुच्छतेने भरलेली आहे आणि अनेक पुस्तकांत तिचे उतारे आले आहेत. हा माणूस पक्षितज्ज्ञही होता. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता, १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे टांगाला निघण्याच्या अगदी तोंडावर, गुजरातेत मांडवीजवळ मिळवला असं लेबल लावलेला. त्या पक्ष्याची ती शेवटची नोंद मानली जायची. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो नमुना मुळात एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्झहागनने तो संग्रहालयातून चोरला, पुन्हा भरला आणि त्याला खोटं लेबल लावलं. ती खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा शोधल्या, तेव्हा १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

पक्ष्याच्या लेबलवर खोटं लिहिणारा माणूस डायरीत खरंच लिहील, याची खात्री कोणी द्यायची? त्याच्या डायऱ्यांवर आता इतिहासकारही संशय घेतात. पण त्या डायऱ्यांमुळे चिकटलेला डाग इतक्या सहज निघत नाही. रानपिंगळ्याला शोधायला कोणीतरी गेलं. टांगाच्या शिपायांची बाजू शोधायला कुठे जायचं? त्यांच्या बाजूने लिहिलेली डायरी त्या पुस्तकांत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मध्यरात्री एखादी सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल लिहावा लागतो. त्यात पहिला नियम असा की निमित्त आणि कारण यांची गल्लत करायची नाही. 'अचानक ट्रॅफिक वाढलं' हे निमित्त. ट्रॅफिक वाढल्यावर काय करायचं याचा विचारच झालेला नव्हता, हे कारण. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, पण फांदी आधीपासून किडलेली असते. टांगाचा असा अहवाल लिहिला तर त्यात महिनाभर जहाजात कोंबलेली माणसं येतील, शत्रूला आधी दिलेली वर्दी येईल, न केलेली टेहळणी, डेकवर राहिलेल्या तोफा, नाकारलेली मदत हे सगळं येईल. माश्या येतील त्या शेवटच्या ओळीत. आणि शिपाई पळाले हे त्या सगळ्याचा परिणाम म्हणून येईल. एटकन यांना पुढे कर्नलच्या हुद्द्यावर उतरवलं गेलं, त्यांना पुन्हा लढाईवर पाठवलं नाही. म्हणजे वरिष्ठांना कारण कळलेलं होतं. लोकांत पसरलं ते निमित्त.

आपल्याकडेही हे चालतंच. सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर आग्यामोहोळ उठतं, ट्रेकर जखमी होतात, बातमीचा मथळा 'मधमाश्यांचा हल्ला' असा येतो. धूर कोणी केला, स्पीकर कोणी लावला, पोळं दिसत असताना तीच वाट कोणी धरली, हे आत कुठेतरी एका ओळीत, तेही छापलं तर. माश्या खुलासा देत नाहीत, ही त्यांची सर्वांत मोठी सोय.

राहिली ९८वी. ही पलटण आपला उगम १७८८ सालचा सांगते, एलिचपूरच्या नवाब सलाबत खानाच्या फौजेतला. एलिचपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. पुढे ती निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये गेली, ज्यांच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोलीला होत्या. १९२२ मध्ये ती १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन झाली आणि १९४५ मध्ये रेजिमेंटचं नाव बदलल्यावर चौथी कुमाऊं.

३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला, श्रीनगरचा विमानतळ वाचवताना, कित्येक पटींनी मोठ्या टोळीवाल्यांच्या फौजेपुढे जी कंपनी उभी राहिली ती याच चौथ्या कुमाऊंची डी कंपनी. तिचे मेजर सोमनाथ शर्मा डावा हात प्लास्टरमध्ये असताना लढले, तिथेच पडले, आणि देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांना मिळालं. टांगाला तेव्हा तेहेतीस वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता.

माणसं अर्थातच वेगळी होती. टांगाचे शिपाई एव्हाना म्हातारे झाले असतील किंवा गेले असतील. बडगाममुळे टांगाचा पराभव पुसला जात नाही, आणि पुसायची गरजही नाही. पण एखादी पलटण जातीचीच भेकड असते, ही समजूत तेवढी त्या दिवशी खोटी ठरते. बडगामला समोर कोण आहे आणि किती वेळ टिकून राहायचंय, हे कंपनीला माहीत होतं, आणि तिचा मेजर तिच्यासोबत होता. टांगाच्या झाडीत यातलं काहीच नव्हतं. माश्या तेवढ्या होत्या.