पूर्ण रात्र

मंचेरियलच्या लूप लाइनवर अपरात्री कोळशाची मालगाडी तिष्ठत असते आणि मेन लाइनवरून एक्सप्रेस गाड्या धडधडत निघून जातात. बल्लारशा ते काझीपेठ हा टप्पा एक्सप्रेसला काही तासांचा. मालगाडीच्या ड्रायव्हरने (आता लोको पायलट म्हणायचं) घरी किती वाजता पोचतो ते सांगू नये.

या माणसाच्या झोपेची दखल कायद्याने उशिरा घेतली. वॉशिंग्टनच्या 1919 च्या कामगार परिषदेनंतर 1930 मध्ये आपल्याकडच्या रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. सतत काम करणाऱ्यांना आठवड्याला 60 तासांची मर्यादा आली. मात्र तिच्या नियमांतून रनिंग स्टाफच वगळलेला! दिवसरात्र गाडीवर असणाऱ्यालाच ते लागू नव्हते.

त्या काळी ड्युटीची वेळ कळायची ती बोलावणं घेऊन येणाऱ्या कॉल बॉयच्या थापेवरून. क्वार्टरच्या दारात तो रजिस्टर घेऊन उभा. झोपाळलेल्या डोळ्यांनी सही केली की झोप सरकारजमा. मग लोखंडी लाइन बॉक्स उचलायचा. त्यात दिवा, झेंड्या, नियमांची पुस्तकं आणि कोपऱ्यात तांदूळ-डाळ.

रनिंग स्टाफ नियमांत आला तो मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या 1947 च्या निवाड्याने. ऑगस्ट 1973 मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा कुठे दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन पदरात पडलं. लूप लाइनवर काढलेले तासही ड्युटीतच धरायचे, हा खरा मुद्दा होता.

तासांच्या या हिशेबात एक शब्द मात्र माणसाचा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 133 म्हणतं: रनिंग स्टाफला महिन्यात चार वेळा सलग 30 तास किंवा पाच वेळा सलग 22 तास विश्रांती, आणि तीत 'पूर्ण रात्र' हवी. म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. दुपारी पडदे ओढून घेतलेली झोप इथे चालत नाही. ड्रायव्हरांच्या घरी या विश्रांतीला 'पीआर' (पीरिऑडिक रेस्ट) म्हणतात; लग्नाची आमंत्रणंही पीआर बघून स्वीकारली जातात.

भांडण अजून मिटलेलं नाही. मोठ्या ड्युटीनंतर मुख्यालयी 16 तास विश्रांती मिळते. ती या 30 तासांतच आली, असं रेल्वे म्हणते. लोको पायलट म्हणतात, सोळा थकव्याचे, तीस घरचे, बेरीज 46. जून 2024 मध्ये दक्षिण रेल्वेवरच्या काहींनी 46 तास भरेपर्यंत इंजिनावर चढायचं नाकारलं.