उद्योगधंद्यांची समाजसेवा
उद्योगधंद्यांची समाजसेवा : व्यापार अथवा कारखानदारी करणाऱ्या व्यक्तींनी आणि संस्थांनी नफ्याखेरीज अन्य हेतूने केलेले लोकहिताचे कार्य. ह्या कार्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. मिळविलेल्या संपत्तीचा काही भाग रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, पाणीपुरवठा इत्यादींसाठी देणे, हा पहिला प्रकार होय. उद्योग चालविण्याची रीतच अशी ठेवणे, की तीतून कामगार, ग्राहक व परिसरातील जनता ह्यांचे हित साधावे, हा दुसरा प्रकार होय. पहिल्या प्रकाराला दानधर्माची जुनी परंपरा आहे. दुसरा प्रकार यंत्रोद्योगाच्या वाढीबरोबर उदयास आला. ह्या दोहोंमधील संबंध नेहमीच सलोख्याचे राहिलेले नाहीत. भारतात, विशेषतः मुंबई इलाख्यात, गेल्या सु. दोनशे वर्षांत हे दोन्ही प्रकार कसे वाढले व त्यांना कायद्याचे रूप कसे मिळत गेले, ह्याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

पूर्वपीठिका : यंत्रयुगापूर्वी भारतीय व्यापाऱ्यांचे दान मुख्यतः धर्मशाळा, विहिरी, घाट, अन्नछत्रे व पांजरपोळ ह्यांच्या रूपाने प्रकट होई. अनेक बाजारपेठांत मालाच्या किंमतीवर अल्पशी रक्कम ‘धर्मादा’ म्हणून आकारली जाई व ती वेगळ्या खात्यावर जमा होई. ही रक्कम प्रत्यक्षात ग्राहक देई, व्यापारी केवळ तिचा सांभाळ करी. तथापि पुण्य व लौकिक बहुधा पेढीच्या पदरी पडे. मुंबई राज्यात १९५० मध्ये झालेल्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने धर्मादा रकमांना विश्वस्तनिधी मानून त्यांचा हिशेब देणे बंधनकारक केले. समाजाच्या नावाने गोळा झालेल्या पैशाचा हिशेब समाजाला मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले.

मुंबईतील शेठ व त्यांची दाने : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनशी होणाऱ्या कापूस व अफू ह्यांच्या व्यापारातून मुंबईत मोठी संपत्ती निर्माण झाली. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) हे ह्या व्यापारातील अग्रणी होत. पांजरपोळाच्या स्थापनेत (१८३४) त्यांचा वाटा होता. परंतु त्यांच्या पुढील देणग्या जातिधर्माच्या मर्यादा ओलांडून साऱ्या शहराच्या उपयोगी पडल्या. त्यांच्या नावाचे रुग्णालय व त्याला जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली. माहीम व वांद्रे ह्यांमधील खाडी नावेने ओलांडताना अपघात होत. तेथे रस्ता बांधण्याचा खर्च सरकार करीना, तेव्हा जमशेटजींच्या पत्नी आवाबाई ह्यांनी सु. दीड लाख रुपये देऊन तो बांधविला व प्रवाशांकडून पथकर घेऊ नये, अशी अट घातली (१८४५). ह्याच काळात जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) ह्यांनी व्यापारातील आपली प्रतिष्ठा शिक्षणप्रसार, मुलींच्या शाळा व रेल्वे ह्यांसाठी खर्ची घातली. डेव्हिड ससून व त्यांचे कुटुंबीय ह्यांच्या देणग्यांतून मुंबईतील ग्रंथालय व पुण्यातील ससून रुग्णालय उभे राहिले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) ह्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा ह्यांसाठी मोठ्या देणग्या दिल्या. आपल्या मातोश्रींच्या नावे बांधविलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान १८६५ मध्ये तेजी कोसळली, अनेक पेढ्या व बँका बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. ज्या सट्ट्याने सामान्य ठेवीदारांचे नुकसान झाले, त्याच सट्ट्यातील पैशाने शहराला विद्येचे मंदिर मिळाले. अफूच्या व्यापाराविषयीही असेच म्हणता येते : मुंबईच्या रुग्णालयात ज्या पैशातून रोगी बरे होत, त्याच्या उगमाशी चीनमधील व्यसनाधीनांची हानी होती. दानाचे मूल्यमापन करताना दानाच्या उपयोगाबरोबर धनाचा उगमही पाहावा लागतो.

गिरण्या व कामगार : कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, लहान मुलांची भरती आणि सुट्टीचा अभाव ही त्यांची सर्वसाधारण स्थिती होती. रुग्णालयांना उदारपणे देणग्या देणाऱ्या मालकवर्गातील अनेकांनी कामाच्या तासांवरील कायदेशीर बंधनांना मात्र विरोध केला. १८८१ च्या पहिल्या कारखाने अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली; प्रौढ कामगारांच्या कामाचे तास मात्र त्याने मर्यादित केले नाहीत.

ह्या परिस्थितीविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) ह्यांनी आवाज उठविला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु ह्या पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टी, ठराविक वेळी पगार व अपघातात नुकसानभरपाई ह्यांसाठी हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली व पुढील वर्षीच्या अधिनियमात साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली. आठवड्यातील विश्रांतीचा हा दिवस कामगारांनी मागून मिळविला. तो कोणाच्या औदार्यातून आलेला नाही [→ कामगार चळवळ].

नागपूर ते जमशेटपूर : दुसऱ्या प्रकारच्या समाजसेवेचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४) ह्यांनी नागपूर येथे काढलेली एम्प्रेस गिरणी. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या ह्या गिरणीत हवा खेळती ठेवण्याची व आग विझविण्याची यंत्रणा बसविण्यात आली. कामगारांसाठी निवृत्तिनिधी १८८६ मध्ये, तर अपघातभरपाई १८९५ मध्ये सुरू झाली. गिरणीत टिकून काम करणारे कुशल कामगार नागपुरात त्या काळी दुर्मिळ होते, हे ह्यामागील एक व्यावहारिक कारण होते. कामगाराचे हित व उत्पादनाचे हित एकमेकांना पूरक असतात, हे ह्या गिरणीने नफा मिळवून दाखवून दिले. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांना साहाय्य करणारा निधी जमशेटजींनी १८९२ मध्ये स्थापिला; त्यांच्या योजनेतील विज्ञानसंस्था बंगलोर येथे १९०९ मध्ये अस्तित्वात आली.

टाटांच्या पोलाद कारखान्याची कंपनी १९०७ मध्ये नोंदली गेली. साकची येथील ह्या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. देशातील कारखान्यांना आठवड्यास ४८ तासांची मर्यादा सर्वसाधारणपणे लागू होण्यास १९४६–४८ हा काळ उजाडावा लागला. १९२० मध्ये तेथे भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. त्याविषयीचा देशव्यापी कायदा १९५२ चा आहे. प्रसूतिकालीन लाभ तेथे १९२८ मध्ये मिळू लागले. त्यासंबंधीचा केंद्रीय अधिनियम १९६१ मध्ये झाला. एका कारखान्यातील चांगली प्रथा पुढे सर्वांचा कायदेशीर हक्क बनते, हा क्रम ह्या तारखांवरून स्पष्ट होतो. तथापि ह्याच जमशेटपुरात १९२०, १९२२ व १९२८ ह्या वर्षी मोठे संप झाले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. घरे, दवाखाने व शाळा मिळाल्या, तरी वेतन ठरविण्यात आपला शब्द असावा, ही कामगारांची मागणी त्यांनी मिटत नाही.

ह्याच उद्योगसमूहाशी निगडित असलेला मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) हा ह्या इतिहासाचा दुसरा पैलू होय. मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज पुरविण्यासाठी मुळशी खोऱ्यात बांधावयाच्या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. पांडुरंग महादेव बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तेथे लढा दिला व त्यातूनच बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी प्राप्त झाली. धरण अखेर झाले. धुरापासून मुक्त अशी स्वस्त वीज ही शहराची सेवाच होती. परंतु तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या विजेचा लाभ नव्हता.

विश्वस्त निधी : सर रतन टाटा (१९१९) व सर दोराबजी टाटा (१९३२) ह्यांच्या नावांचे निधी, तसेच त्यांच्याशी संलग्न निधी ह्यांकडे समूहाच्या मुख्य कंपनीचे सु. दोनतृतीयांश भागभांडवल आहे. मालकीच लोकहिताच्या निधीकडे सोपविण्याचे हे जगातील एक जुने उदाहरण होय. ह्या निधींच्या साहाय्याने मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था (१९३६), कर्करोग रुग्णालय (१९४१) व मूलभूत संशोधन संस्था (१९४५) ह्यांची उभारणी झाली. कर्करोग रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. खाजगी निधीने प्रारंभ करावा व संस्था स्थिरावल्यावर शासनाने तिचा भार उचलावा, अशी कार्यविभागणी येथे आढळते.

महाराष्ट्रातील अन्य प्रयोग : समाजाने उद्योग उभारावा व उद्योगाने समाज, असा परस्परभाव महाराष्ट्रात विशेष आढळतो. अंताजी दामोदर काळे ह्यांनी प्रत्येकाने दरवर्षी एक पैसा द्यावा, ह्या कल्पनेवर पैसाफंड उभारला. लोकमान्य टिळकांनी तिचा पुरस्कार केला. त्या फंडातून तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला (१९०८) व तेथे शिकलेल्या कारागिरांनी देशात अन्यत्र ह्या धंद्याचा प्रसार केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) ह्यांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलजवळील माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत वसविली. लोखंडी नांगर हे त्यांचे मुख्य उत्पादन होय. मालाच्या जाहिरातीच्या निमित्ताने १९२० मध्ये सुरू झालेले किर्लोस्कर खबर हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली उद्यमशीलता, बुद्धिवाद व सामाजिक सुधारणा ह्यांचे व्यासपीठ बनले. स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही त्याची भावंडे होत. नांगराने शेतीत जे घडविले, त्याहून ह्या मासिकांनी मध्यमवर्गीय घरांत घडविलेला पालट कमी महत्त्वाचा नाही.

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने (१९५०) मालकीचे वेगळे स्वरूप पुढे आणले. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या ह्या कारखान्याचे मालक ऊस पिकविणारे शेतकरीच होते. उसाच्या किंमतीतून होणाऱ्या कपातीतून परिसरात शाळा, महाविद्यालये व रुग्णालये निघाली. हाच कित्ता पुढे इतर सहकारी कारखान्यांनी गिरविला. तथापि ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या मजुरांना सभासदत्व नसल्याने ह्या समृद्धीचा वाटा त्यांच्यापर्यंत फारसा पोहोचला नाही.

विश्वस्ततेचा विचार : धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव मानून तिचा विश्वस्त व्हावे, हा विचार महात्मा गांधींनी मांडला. जमनालाल बजाज (१८८९–१९४२) ह्यांनी तो आचरणात आणण्याचा प्रयत्न केला. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले केले. सेवाग्राम आश्रमासाठी जमीन दिली. मात्र १९१८ च्या अहमदाबाद गिरणी संपात गांधींनी मालकांच्या सदिच्छेवर विसंबून न राहता कामगारांचे नेतृत्व केले व ३५ टक्के वेतनवाढीची मागणी लवादापुढे नेली. विश्वस्त आपले कर्तव्य विसरल्यास काय करावे, ह्या आक्षेपाला त्यांच्याच कृतीत उत्तर सापडते.

कायद्याची पावले : टाटांच्या पोलाद कंपनीने न्यायमूर्ती कोतवाल ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून आपल्या कार्याचे सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतले (१९८०). १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून झालेल्या विषारी वायुगळतीने हजारो लोकांचे बळी घेतले. ह्या दुर्घटनेनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये झाला. दिल्लीतील दुसऱ्या एका वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांवर निरपवाद दायित्वाचे तत्त्व घातले.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५ व्या कलमाने दानाला कायद्याची चौकट दिली. पाचशे कोटी रुपये वा अधिक निव्वळ मूल्य, एक हजार कोटी रुपये वा अधिक उलाढाल किंवा पाच कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. ते १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. प्रारंभी खर्च न केल्यास कारण देणे पुरेसे होते. जानेवारी २०२१ पासून अखर्चित रक्कम ठराविक निधीत वा खात्यात भरणे बंधनकारक झाले. कारखान्याच्या परिसरास प्राधान्य देण्याच्या तत्त्वामुळे औद्योगिक दृष्ट्या प्रगत राज्यांकडे ह्या पैशाचा ओघ अधिक राहिला, अशी टीका केली जाते.

मूल्यमापन : केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या हितासाठी केलेला खर्च ह्या दोन टक्क्यांत धरला जात नाही. नागपूरच्या गिरणीतील १८८६ चा निवृत्तिनिधी आजच्या व्याख्येनुसार सामाजिक कार्य ठरणार नाही. हे योग्यच आहे, कारण तेव्हा जे औदार्य होते, ते आता देणे झाले आहे. आणि देणे चुकते करण्याला दान म्हणता येत नाही. तथापि ह्या देण्याच्या कक्षेबाहेर राहणारे कंत्राटी कामगार, हंगामी मजूर व विस्थापित ह्यांची संख्या मोठी आहे. उद्योगांनी स्वेच्छेने घ्यावयाचा पुढाकार आज तेथे अधिक निकडीचा आहे. नफ्यातील दोन टक्के कोठे गेले, ह्याचा हिशेब आता नियमाने मिळतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न मात्र कामगार संघटना, न्यायालये व जागरूक नागरिक ह्यांनीच वेळोवेळी विचारला आहे. उद्योगधंद्यांच्या समाजसेवेचा इतिहास हा दात्यांच्या इतकाच ह्या प्रश्नकर्त्यांचाही इतिहास होय.