विजेची मोटार आणि लांबचा पल्ला

विजेवर चालणारी मोटार ही अगदी अलीकडची गोष्ट, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वर्षभरात ज्या सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर ओकीत नसे, आणि हँडल फिरवून यंत्र सुरू करण्याचा द्राविडी प्राणायामही तिला लागत नसे. तरीही पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत ती मागे पडली. एवढ्या विस्तीर्ण देशात लांबचा पल्ला तिला झेपला नाही, असे त्याचे कारण सांगण्यात येते. कारण खरे आहे. पण त्यात गाडीचा दोष किती आणि वाटेचा किती, हे पाहण्यासारखे आहे.

१९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टराने सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू यॉर्कला मोटारीने जाण्याची पैज पन्नास डॉलरांवर मारली. गाडी पेट्रोलची होती; सोबतीला स्यूअल क्रॉकर हा यंत्रज्ञ आणि वाटेत विकत घेतलेला एक कुत्रा. प्रवासाला ६३ दिवस लागले. मोटारीने अमेरिका आरपार ओलांडल्याचा तो पहिला प्रसंग. ओरेगनच्या ओसाड मुलखात पेट्रोल संपले, तेव्हा क्रॉकरने सायकल भाड्याने घेऊन सुमारे २५ मैलांवरचे बर्न्स गाव गाठले. वाटेत सायकलही पंक्चर झाली, पण बिचारा चार गॅलन पेट्रोल घेऊन परत आला. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या लहानशा प्रसंगात आहे. पेट्रोल डब्यात मावते, सायकलवर बसते, खेड्यातल्या दुकानात रॉकेलच्या शेजारी ठेवता येते. विजेला असे उचलून आणता येत नाही.

त्यातून बॅटरीचे वजन हा मोठाच अडसर. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा साठलेली असते. शिशाच्या बॅटरीत किलोमागे त्याचा जेमतेम चारशेवा हिस्सा. विजेचे यंत्र ऊर्जा फार काटकसरीने वापरते हे मान्य केले, तरी तफावत प्रचंडच राहते.

पण म्हणून लांबचा प्रवास अशक्य होता काय? डेन्व्हर येथील ऑलिव्हर फ्रिचल या रसायनज्ञ कारखानदाराने १९०८ साली आपल्या विजेच्या गाडीतून नेब्रास्कातील लिंकन ते न्यू यॉर्क हा सुमारे १,८०० मैलांचा प्रवास केला. इतर विजेच्या गाड्या बनविणाऱ्यांना त्याने शर्यतीचे आव्हान दिले होते. ते कोणी स्वीकारले नाही. हिवाळा तोंडावर आलेला, रस्ते चिखलाचे. तरी एक महिन्याच्या आत गडी न्यू यॉर्कला पोहोचला. प्रत्यक्ष चालीचे दिवस सुमारे वीस, म्हणजे दिवसाला नव्वद मैल. मात्र जेथे वीज आहे अशा गावापासून दुसऱ्या तशाच गावापर्यंत, एवढाच त्याचा मार्ग असू शकत होता. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून तेव्हा वीज होती कोठे? १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचे सरकारी खाते निघाले, तेव्हादेखील दहांतल्या जेमतेम एका शेतघरात दिवा लागत असे.

शिवाय माणसाचा स्वभाव. बहुतेक मोटारवाल्यांची रोजची धाव चार-दोन मैलांची; ती विजेच्या गाडीने सुखाने भागली असती. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा शहरात फिरण्यासाठी विजेचीच गाडी वापरीत असे. परंतु गाडी घेणारा रोजच्या वाटेचा विचार करीत नाही, कधी काळी करावयाच्या सफरीचा करतो. ती सफर पुष्कळदा घडतही नाही! १९१२ मध्ये पेट्रोलच्या कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आला आणि हँडलची कटकट मिटली. त्याच सुमारास फोर्डची गाडी ६५० डॉलरांस मिळत होती आणि विजेची १,७५० डॉलरांस. मग निकाल लागण्यास वेळ लागला नाही.

दोहोंचा संकर करून पाहण्याचा विचारही जुनाच. १९१७ साली शिकागोच्या वुड्स कंपनीने पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी गाडी काढली. ती महाग होती आणि मंदही. हा विचार पुढे जपानच्या प्रियस गाडीने १९९७ पासून सार्थ केला. परंतु ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती परत मिळविणे, हे या गाड्यांच्या काटकसरीचे एक मोठे मर्म. शहराच्या गर्दीत ब्रेक पदोपदी लागतो, मोकळ्या सरळ रस्त्यावर तो क्वचितच लागतो. म्हणून लांबच्या वाटेवर संकरित गाडी निश्चिंती देते. बचत मात्र थोडी देते.

शुद्ध विजेच्या गाडीला नवे बळ लिथियमच्या बॅटरीने दिले, आणि तितकेच वाटेवरच्या तारांनी. टेस्ला कंपनीने २०१२ पासून जलद विद्युत्भरणाची केंद्रे उभारली. २०१४ च्या आरंभी तिच्या गाड्या लॉस एंजेलिसहून न्यू यॉर्कला चार दिवसांच्या आत पोहोचल्या. कडाक्याच्या थंडीत पल्ला आजही घटतो, मागे अवजड ओझे जोडले तर फारच घटतो. केंद्रावर अर्धा तास मोडावा लागतो. वस्ती दाट असेल तेथे हे सोसता येते.

जेथे ती विरळ आहे, तेथे जुनाच पेच पुन्हा उभा राहतो. ऑस्ट्रेलियाचे नलरबोर मैदान ओलांडणाऱ्या महामार्गावर शेकडो किलोमीटर गाव लागत नाही. तेथील कायगुना या थांब्यावर २०२२ साली विजेच्या गाड्यांसाठी एक जलद भरणयंत्र बसविण्यात आले. त्याला लागणारी वीज जनित्रातून येई, आणि ते जनित्र चाले तळणीच्या उरलेल्या तेलावर.