सरदाराची मेजवानी आणि रिक्यूचे जेवण : काइसेकीचा इतिहास

१/८
क्योतोतील छोट्या काइसेकी उपाहारगृहात मोजक्याच पाहुण्यांची सोय असते. ऋतूप्रमाणे निवडलेले पदार्थ थोडे थोडे, एकामागून एक येतात आणि त्यांचे मोल भारी असते. या भोजनपद्धतीचा उगम मात्र वैभवाचे प्रदर्शन नाकारण्यात आहे. तो समजून घेण्यासाठी हा धागा.

२/८
मध्ययुगीन जपानमध्ये सरदारांच्या मेजवानीला ‘होन्झेन’ म्हणत. पाहुण्यापुढे चौरंगासारखी पाय असलेली अनेक तबके मांडली जात. त्यांतील काही पदार्थ केवळ पाहण्यासाठीच असत. तबकांच्या संख्येवरून मानमरातब कळे.

३/८
साकाई बंदरातील व्यापारी घराण्यात जन्मलेला सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) हा चहाविधीचा थोर आचार्य. आधी ओदा नोबुनागा आणि मग तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशांच्या पदरी तो होता. यामाझाकी येथील ‘ताइआन’ ही चहाची खोली त्याचीच मानली जाते. तिचे क्षेत्रफळ अवघ्या दोन तातामी चटयांएवढे! दार इतके ठेंगणे की मोठ्या सरदारालाही वाकूनच आत शिरावे लागे.

४/८
घट्ट, कडक चहा रिकाम्या पोटी सोसत नाही. म्हणून आधी हलके जेवण. भात, एक सार आणि तीन पदार्थ एवढेच त्याचे प्रमाण. शोभेचे काही नाही. जे वाढायचे ते खाण्यासाठीच.

५/८
याच काळात हिदेयोशीने सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली आणि १५८६ मध्ये ती सम्राटाच्या प्रासादात नेऊन मांडली. १५९१ मध्ये त्याच्याच आज्ञेने रिक्यूला सेप्पुकू करावे लागले. त्यामागील कारणांविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

६/८
‘काइसेकी’ म्हणजे उराशी धरलेला दगड. भूक शमवण्यासाठी झेन भिक्षू ऊन दगड पोटाशी धरत, अशी कथा सांगतात. मात्र या अर्थाची अक्षरे रिक्यूच्या मृत्यूनंतर सुमारे शतकाने, ‘नाम्पोरोकू’ या ग्रंथामुळे रूढ झाली.

७/८
क्योतो समुद्रापासून दूर. कोम्बू हे समुद्रशैवाल उत्तरेकडून जहाजांनी येई. वाकासाच्या किनाऱ्यावरचा बांगडा मीठ लावून डोंगरवाटेने येई. उन्हाळ्यात मात्र ‘हामो’ हा चिवट मासा जिवंत पोहोचे. जोडीला आसपासच्या शेतांतली कामो वांगी आणि शोगोइन सलगम. अशी या अडचणींतूनच क्योतोची चव घडली.

८/८
पुढे मद्याच्या बैठकींतील भोजनालाही ‘काइसेकी’च म्हणू लागले, उच्चार तोच, अक्षरे निराळी. आजच्या उपाहारगृहांत या दोन्ही परंपरा मिसळल्या आहेत. ओळखण्याची एक खूण आहे. चहाविधीच्या जेवणात भात आणि सार आरंभीच येतात. मद्याच्या बैठकीत मात्र ते अखेरीस येतात. रिक्यूच्या घरी आपण जेवायला बसलो असतो, तर पहिला घास भाताचा असता.